जुन्या कामाडो भट्ट्या : पारख, डागडुजी आणि त्यावरचा आपला स्वयंपाक

बालाघाटी, अंबाजोगाई

राम राम मंडळी. जुन्या कामाडोबद्दल काही जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं होतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

कामाडो म्हणजे जाड मातीची, अंड्याच्या आकाराची, झाकण असलेली कोळसा-भट्टी. खाली हवेसाठी सरकतं दार, वर झाकणाच्या शेंड्याला छोटं टोपण, आत कोळशाची वाटी आणि त्यावर जाळी. मूळ जपानचं. तिकडे ‘मुशिकामादो’ नावाची भात शिजवायची मातीची गोल चूल असायची, घुमटाच्या झाकणाची. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात असलेले अमेरिकी सैनिक परत जाताना त्या सोबत घेऊन गेले आणि भाताऐवजी मांस भाजायला लागले. पुढे रीतसर आयात सुरू झाली. १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटात दुकान काढलं, त्यातून ‘बिग ग्रीन एग’ उभं राहिलं. सुरुवातीच्या भट्ट्या जपानी पद्धतीच्या मातीच्याच होत्या आणि काही वर्षांच्या वापरात तडकायच्या. नंतर जास्त आच सोसणारं सिरॅमिक आलं. आपण इथे ज्यांना जुन्या म्हणतोय त्या या बदलाच्या आधीच्या.

माझ्याकडची पहिली मामांची. मामा अटलांटातली नोकरी संपवून कायमचे परतले, त्या घरसामानात ती आली. लाल-नारिंगी झिलई, लोखंडी पट्टे, लाकडी मूठ. मग मी शोधायलाच लागलो. मुंबईतल्या जुन्या सामानाच्या बाजारात, घर मोडून परदेशी परत जाणाऱ्या कुटुंबांकडे, अशा मिळत गेल्या.

घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे : रंग, झिलई, नक्षी नंतर बघा. सगळा कारभार हवेचा आहे. हवा कुठून शिरते आणि कुठून निघते हे ज्या भट्टीत तुमच्या हातात राहतं, ती घ्यायची. बाकी सगळं दुरुस्त होतं.

पहिली पारख कानानं. आतली वाटी काढायची आणि बोटाच्या पेरानं अंगाला टिचक्या मारत एक फेरी घालायची. अखंड माती खणखणते, तडा असेल तिथे आवाज बसका येतो. माठ घेताना घरातल्या बायका हेच करतात. दुसरी पारख अंधारात. मोबाईलचा टॉर्च लावून आत ठेवायचा, झाकण लावायचं आणि बाहेरून नीट बघायचं. झिलईवर बारीक रेघांचं जाळं असतंच, त्याला घाबरू नका. त्यातून उजेड दिसला तर मात्र तडा आरपार आहे. तिसरी झाकणाच्या कडेची. काठावर दहाची नोट ठेवून झाकण लावायचं आणि नोट ओढायची. अडकत आली तर कड बसते आहे, सहज सुटली तर तिथून हवा शिरणार. हे काठाच्या चारी बाजूंनी करा, कारण बिजागरीच्या बाजूला झाकण बहुतेक वेळा उचललेलं असतं.

बरीच वर्षं पडून असलेली भट्टी आणल्या आणल्या रसरसून पेटवू नका. मातीत ओल मुरलेली असते, तिची आत वाफ झाली की अंग फुटतं. आपलं एप्रिल-मेचं ऊन या कामाला उत्तम. चांगली वाळली की पहिल्या दिवशी मूठ-दोन मूठ कोळसा, अंग हाताला सोसेल इतपतच गरम. मग रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं. मी स्वतः जुन्या मातीला २०० अंशांच्या वर नेत नाही. नव्या सिरॅमिकवर ३०० च्या पुढे सहज जाता येतं, पण ती ताकद या मातीत नाही आणि तिच्याकडून ती मागूही नये.

कयाधू, हिंगोली

माहिती छान आहे दादा. पण शंका विचारतो, राग मानू नका. आपल्याकडे शेगडी आहे, तंदूर आहे, शेतात तीन दगडांची चूल आहे. मग एवढं जड आणि नाजूक प्रकरण कामून सांभाळायचं? आणि जुनं म्हणून मोल असेल तर पेटवायचं तरी कशाला, जपून ठेवावं की.

बालाघाटी, अंबाजोगाई

राग कसला, शंका रास्त आहे.

शेगडी आणि चूल चारी बाजूंनी उघडी. तंदूर वरून उघडा, त्याची भिंत छान तापते पण कोळसा स्वतःच्या चालीनं जळतो. कामाडोत खालचं दार बोटभर आणि वरचं टोपण अगदी किंचित उघडं ठेवलं की ११०-१२० अंशांची आच तासन्‌तास हलत नाही. कड नीट बसणारी भट्टी एका भरणात रात्र काढते. आत हवा कमी खेळते, त्यामुळे मांसातली ओल उडत नाही. काम झालं की दोन्ही दारं बंद करायची. कोळसा गुदमरून विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी कामाला येतो. शेगडीतल्या उरलेल्या कोळशाची राख तरी होते, नाहीतर पाणी मारावं लागतं. इथे पाणी अजिबात मारायचं नाही, तापलेली माती जागीच फुटेल.

राहिला जपून ठेवायचा प्रश्न. कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या भट्टीचे हाल मी बघितलेत. पट्ट्यांना गंज चढतो, गंज फुगतो आणि आतल्या मातीला दाबतो. पावसाळ्यात ओल खाली बसते. काठावरचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, उंदीर नेतात. अधूनमधून मंद पेटणारी भट्टी आतून कोरडी राहते, पट्टे ढिले झालेले लगेच लक्षात येतात. म्हणून मी माझ्या सगळ्या पेटवतो.

लातूरकर_अटलांटा

बालाघाटी, वाचून फार बरं वाटलं. मी इथे राहतो आणि जुन्या भट्ट्या इस्टेट सेलमध्ये शोधतो. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मुलं सगळं सामान मांडून विकतात, मागच्या अंगणात पाल्यापाचोळ्यात एखादी कामाडो उभी असते. विकणाऱ्याला बहुतेक वेळा ती काय आहे हेही माहीत नसतं.

माझ्याकडून थोडी भर. तडा वाटीला आहे की बाहेरच्या अंगाला, हे आधी ठरवा. वाटी हे झिजायचंच सामान आहे. जळता कोळसा तिला थेट टेकलेला असतो, ती एका बाजूनं तापते आणि तडकते. तुकडे जागच्या जागी बसत असतील तर तशीच कितीतरी वर्षं चालते. बाहेरचं अंग किंवा झाकण आरपार तडकलं असेल तरच घ्यायची की नाही याचा विचार करा.

झाकण उघडण्याबद्दल नवख्यांना सांगायलाच हवं. आत कोळसा हवेला भुकेला असतो. झाकण एकदम उघडलं की हवा आत घुसते आणि भपकन जाळ वर येतो. हात, भुवया, दाढी भाजलेले लोक मी पाहिलेत. आधी दोन बोटं उचलायचं, थांबायचं, पुन्हा उचलायचं, मग पूर्ण उघडायचं. वाकून आत डोकवायचं तर मुळीच नाही.

रॉकेल किंवा पेटवायचं कुठलंही द्रव आत ओतू नका. माती ते पिते आणि मग पुढे कितीतरी स्वयंपाकांना त्याचा वास येत राहतो. कापसाची वात गोड्या तेलात भिजवून कोळशाखाली ठेवली की पुरते.

कुणाला भट्टी लांबून आणायची असेल तर झाकण, वाटी आणि अंग तिन्ही वेगळं बांधा. वाटी आत ठेवून आणली तर रस्त्यातल्या हादऱ्यांनी तीच आतून अंग फोडते.

पूर्णाकाठ, परभणी

कोळशाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो, आमच्या घरात हा धंदा होता.

दाबून बनवलेल्या गोळ्या-विटा घेऊ नका. त्यांना बांधायला खळ वापरतात, राख भरपूर होते, आणि तुमच्या या भट्टीत खालची भोकं राखेनं बुजली की हवा संपली. लाकडाचा अख्खा कोळसाच पाहिजे. आपल्याकडे बाभळीचा सगळ्यात चांगला : जड, जास्त वेळ टिकणारा. वेडी बाभूळ बांधाबांधावर माजली आहे, तिचाही कोळसा दणकट होतो. अमेरिकेत टेक्ससकडचे लोक ज्या ‘मेस्किट’च्या लाकडावर मांस भाजतात, ती झाडं आणि आपली वेडी बाभूळ एकाच कुळातली.

चांगला कोळसा दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखा वाजतो, तोडला की आत चकाकतो आणि हाताला फारसा लागत नाही. तपकिरी दिसला, धुरकट वास आला, तर तो भट्टीतून लवकर काढलेला आहे. तो पेटवला की पिवळा धूर निघतो आणि जेवण कडवट होतं. पोत्यातला चुरा वेगळा करा, मोठे तुकडे खाली, मध्यम वर. पावसाळ्यात कोळसा हवेतली ओल धरतो, पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात ठेवा.

अन् एक कळकळीची गोष्ट. थंडीत उबेला म्हणून ही भट्टी घरात, बंद पडवीत घेऊ नका. मंद जळणाऱ्या कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही, झोपलेलं माणूस उठत नाही. दारं बंद करून विझवायला ठेवलेली भट्टीसुद्धा पूर्ण गार होईपर्यंत उघड्यावरच राहू द्या.

बॉयलरवाला, लातूर

मी साखर कारखान्यांच्या बॉयलरचं अस्तर लावायचं काम करतो. तडे भरण्याबद्दल लिहितो.

साधं बांधकामाचं सिमेंट वापरू नका. साधारण ४०० अंशांपुढे त्याची पकड सुटते आणि भुकटी होऊन जेवणात पडते. एपॉक्सी तर नावच काढू नका. फायर क्ले, त्यात भाजलेल्या विटेची बारीक भुकटी आणि सोडियम सिलिकेट, असा घट्ट लेप करा. किंवा तयार फायर सिमेंट मिळतं. ज्या ज्या गावाजवळ साखर कारखाना आहे तिथे अस्तराचं सामान ठेवणारं एखादं दुकान असतंच. तडा आधी ब्रशनं साफ करायचा, ओला करायचा, लेप बोटानं आत दाबायचा, वरून नुसता पोतायचा नाही. सावलीत वाळू द्या, मग मंद आच. घाई केली की लेप फुगून बाहेर येतो.

काठाच्या नमद्याच्या जागी ग्लास फायबरची चपटी पट्टी बसते, बॉयलरच्या दारांना लावतो तीच जात. पण जुनी पट्टी काढताना सांभाळा. पूर्वीच्या उष्णतारोधक दोऱ्या-पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस सर्रास असायचा. तुमच्या पट्टीत आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून कोरडी खरवडू नका, पाण्यानं पूर्ण भिजवून, चांगला मास्क लावून काढा आणि पिशवीत बंद करा.

लोखंडी पट्टा गार असताना करकचून आवळू नका, लोखंड आणि माती वेगवेगळी फुगतात. झाकण पडणार नाही इतपत घट्ट, एकदा मंद पेटवायचं, गार झालं की पुन्हा बघायचं.

गोदाकाठची, गंगाखेड

दुरुस्ती झाली, आता चुलीकडे वळूया. माझ्या भावाकडे अशी भट्टी आहे आणि सणावाराला तिच्यावर मीच करते. उस्मानाबादी बोकडाची मागची अख्खी मांडी कशी करायची ते सांगते.

अमेरिकेतल्या पाककृती डुकराच्या चरबीदार मांसाच्या असतात, त्या जशाच्या तशा बोकडाला लावल्या तर मांस वाळून दोरखंड होतं. बोकडाला चरबी कमी, ती आपण द्यायची. मांडीला खोल चिरा द्या. घट्ट दही, आलं-लसूण, मीठ, हळद, थोडा कच्च्या पपईचा कीस आणि सढळ हातानं करडईचं तेल. रात्रभर मुरू द्या. पपई चमचाभरच, जास्त झाली की वरचा थर पिठासारखा होतो.

सकाळी भट्टी १२०-१३० अंशांवर स्थिर होऊ द्या. कोळसा आणि जाळी यांच्यामध्ये एक जाड खापर किंवा जुना बिडाचा तवा ठेवा म्हणजे मांसाला थेट धग लागत नाही. सुरुवातीचे तीन तास मांडी न गुंडाळता जाळीवर ठेवायची. अंगावर लालसर कोरडी साल धरली की तूप लावलेल्या पळसाच्या पानांत गुंडाळून, सुतळीनं बांधून, पसरट भांड्यात ठेवायची. भांड्यात वाटीभर गरम पाणी. पुढे दीड-दोन तास. घड्याळापेक्षा हाडाकडे बघा : हाड धरून हलवलं की मांसातून सुटायला लागलं पाहिजे. थर्मामीटर असेल तर आतली उष्णता ९० च्या आसपास.

काळा मसाला मात्र सुरुवातीला लावायचा नाही. आपला काळा मसाला आधीच खोबरं, तीळ, दगडफूल असं सगळं तेलात काळपट होईपर्यंत भाजून केलेला असतो. तो पुन्हा चार-पाच तास कोरड्या आचेवर राहिला की कडू होतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत तेलात कालवून वरून लावा, वास घरभर जातो. खाली भांड्यात जो रस जमतो त्यात पाणी आणि येसर घालून उकळी आणा. येसरातल्या भाजलेल्या धान्यांमुळे तो रस्सा आपोआप मिळून येतो. ज्वारीची भाकरी, कांदा, बस.

शाकाहारी घरांसाठी वांगी तर आहेतच, पण मला सगळ्यात आवडतं ते तुरीचं वरण. मांस झालं की दोन्ही दारं बंद करायच्या आधी, भिजवलेली तूरडाळ उकळत्या पाण्यासह जाड बुडाच्या भांड्यात आत ठेवते. उरलेल्या धगीवर ती सावकाश गळते. मुशिकामादोत भात असाच उरलेल्या धगीवर मुरायचा, म्हणजे भट्टीचं मूळ कामच आहे हे.

कयाधू, हिंगोली

ताई, वाचता वाचता भूक लागली. आमच्याकडचे रोडगे होतील का यावर? आम्ही गोवऱ्यांच्या आरावर भाजतो.

गोदाकाठची, गंगाखेड

होतात भाऊ, छान होतात. आच १८० पर्यंत न्या, मध्ये खापर ठेवाच, आणि अर्ध्या वेळानं उलटा. आतपर्यंत भाजले जातात आणि वरचा थर कुठेही करपत नाही. पण गोवऱ्या आत घालू नका. झिलई बाहेरून आहे, आतली माती उघडी असते, ती धूर पिते. तोच वास मग वरणाला आणि भाताला येईल. रोडग्यांना तो वास हवाच असेल तर शेवटी पाच मिनिटं बाहेरच्या आरावर फिरवून घ्या.

शहागंज, छत्रपती संभाजीनगर

आमच्याकडे नान-कलियाशिवाय, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याशिवाय, दावत होत नाही. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, त्या लष्कराबरोबर हा पदार्थ इथे आला असं घराघरात सांगतात. कलिया घरी होतो, पण नान भट्टीवाल्याकडूनच आणावी लागते. ओळखीच्या वाड्यात एक हिरवी कामाडो पडून आहे, तिच्यात नान जमेल का?

बालाघाटी, अंबाजोगाई

कलिया जमेल आणि उत्तम जमेल, बिडाच्या जड भांड्यात, झाकण लावून, १३० अंशांवर. नानसाठी मी जुनी भट्टी वापरणार नाही. नान तंदूरच्या भिंतीला थापतात, ती भिंत आतून कडक तापलेली लागते. कामाडोत तशी भिंतीला नान थापायची सोय नसते. खालून सपाट दगड तापवून त्यावर करता येते, पण त्यासाठी २५०-३०० अंश हवेत. तेवढी आच फक्त नव्या सिरॅमिकला द्या.

लातूरकर_अटलांटा

सहमत. माझ्याकडच्या नव्या भट्टीत दगडावर नान करतो. दगड गार भट्टीत ठेवूनच पेटवायची आणि किमान पाऊण तास तापू द्यायचं, नाहीतर वरून भाजते आणि खालून कच्ची राहते. जुन्यावर हा प्रयोग नको.

चाकावरचा, पैठण

मी कुंभाराच्या घरचा. बालाघाटी दादांच्या एका भट्टीची वाटी पार चुरा झालेली होती, ती आम्ही इथे करून दिली, त्याबद्दल लिहितो. बऱ्याच जणांना उपयोग होईल.

आपली काळी माती यासाठी चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते, शेतात उन्हाळ्यात दिसतंच. आम्ही तळ्याचा गाळ घेतला, त्यात घोड्याची लीद आणि जुन्या फुटक्या खापरांची चाळलेली भुकटी, माती तीन वाटे तर भुकटी एक वाटा. भाजलेली भुकटी पुन्हा आटत नाही, त्यामुळे जाड भिंत वाळताना ओढली जात नाही. लीद आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, जळून जाते आणि बारीक पोकळ्या राहतात. पुढे कधी तडा गेला तर तो अशा पोकळीपाशी अडतो, सरळ धावत नाही.

वाटी एकसंध केली नाही. चाकावर गोल उचलली आणि अर्धवट वाळल्यावर तारेनं उभी कापून पाच पाकळ्या केल्या. तापल्यावर प्रत्येक पाकळी आपापली फुगते, शेजारणीला ढकलत नाही. आता नव्या महागड्या भट्ट्यांतही अशी तुकड्यांची वाटी येते. खालची भोकं ओली असतानाच पाडायची, वाळल्यावर पाडली की तिथूनच तडकते.

बॉयलरवाला, लातूर

पाकळ्यांची कल्पना एकदम बरोबर. बॉयलरच्या अस्तरातही आम्ही फुगायला जागा सोडतो. दोन पाकळ्यांत किती फट ठेवली?

चाकावरचा, पैठण

भाजून झाल्यावर पाच-सहा मिलिमीटर. वाटी आणि बाहेरचं अंग यांच्यातही बोटभर जागा सगळीकडून पाहिजे, वाटी अंगाला कुठेच टेकता कामा नये. माप घेताना हे लक्षात ठेवा की माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहावा हिस्सा आटते, भुकटी घातली तर थोडी कमी. आम्ही आधी त्याच कालवलेल्या मातीची एक वीतभर पट्टी करून तिच्यावर रेघा मारल्या, आव्यातून काढल्यावर रेघा मोजल्या आणि मग वाटीचं माप धरलं. तुमचा कुंभार कुठल्याही गावचा असो, आधी पट्टी भाजून घ्या. आणि जुन्या वाटीचे तुकडे फेकू नका, जमिनीवर मांडून त्यांचा गोल काढला की तळाचा घेर आणि भोकांच्या जागा दोन्ही मिळतात.

बालाघाटी, अंबाजोगाई

ती वाटी आता वापरात आहे, पाकळ्या जागेवर आहेत. खालचं दार तेवढंच उघडं ठेवलं तर पूर्वीपेक्षा आच थोडी चढी राहते, कारण फटींतूनही हवा वर येते. म्हणून पाकळ्यांची वाटी बसवणाऱ्यांनी जुन्या खुणांवर न जाता दाराच्या खुणा नव्यानं लावून घ्याव्यात. मी दाराच्या चौकटीवर खडूनं रेघा मारतो आणि त्यांच्यासमोर आचेचा आकडा लिहितो : ११०, १३०, १८०. प्रत्येक भट्टीच्या रेघा वेगळ्या येतात.

शहागंज, तुमच्या ओळखीच्या वाड्यात जी हिरवी भट्टी पडून आहे म्हणालात, तिच्या बिजागरीचा आणि काठाचा जवळून फोटो टाका. स्प्रिंग तुटलेली असली तरी हरकत नाही, ती कुठलाही चांगला लोहार बसवून देईल. काठ चहूकडून सपाट आहे का, एवढंच आधी बघा.